भाद्रपदातलं पान

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
४ जुलै १९५६

ती. इंदुताईस,

नमस्कार पोचला असं समज. आज कुणापुढेही वाकायची माझी तयारी नाही, अगदी कागदावरसुद्धा.

काल दुपारी दफ्तरात कोर्टाचा चपराशी आला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "लक्ष्मीकांतजी आप ही हैं? घरवाली की तरफ़ से समन है." समोरच्या टेबलावरच्या महिपतरावांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसले. सतरा वर्षं त्या खोलीत मी ताठ मानेनं बसलो. काल पहिल्यांदा मला दाराकडे पाठ करावी लागली.

पद्मा चैत्रात भाच्याच्या मुंजीला म्हणून शामला आणि नानाला घेऊन इंदूरला गेली, ती परतली नाही, हे तुला ठाऊक आहे. मी समजत होतो, भावाकडे आहे, राग ओसरला की येईल. तो वकील भाऊ, आपले माधवराव, आत काय शिजवत होते याचा मला पताच नव्हता. गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याखाली अर्ज केलाय. नवरा मारझोड करतो, सबब पत्नीला वेगळं राहू द्यावं आणि दोन्ही मुलं तिच्या ताब्यात द्यावीत. मुलं, ताई! शामला नऊ वर्षांची, नाना चार. माझी मुलं मलाच बघायची तर कोर्टाला विचारायचं.

आणि आरोप ऐक. २३ मे १९५४ला मी तिला काठीनं मारलं. ९ जून १९५५ला दिवसभर स्वयंपाकघरात कोंडलं. यंदाच्या १६ फेब्रुवारीला तिच्या पायांवर कढत पाणी ओतलं. आता गंमत बघ. उन्हाळ्यात सरकार इंदूरला हलतं तेव्हा दफ्तराच्या पेट्यांबरोबर मलाही जावं लागतं. पहिल्या दोन्ही तारखांना मी ग्वाल्हेरात नव्हतोच. २३ मेला रविवार होता आणि मी खुद्द माधवरावांच्या घरी पाटावर बसून आमरस-पुरी खात होतो! तिसऱ्या तारखेला उज्जैनला जुन्या सनदा आणायला गेलो होतो. हे सगळं माझ्या रोजनिशीत तारीखवार लिहिलेलं आहे. दरबारच्या वेळेपासून आपल्या घरात रोजनिशी आहे, वडिलांनी एक दिवस चुकवला नाही, मीही नाही. तिन्ही वर्षांच्या वह्या कोर्टापुढे ठेवतो. बघू या माधवराव कुठे तोंड लपवतात.

मी पद्मेच्या अंगाला कधी बोट लावलेलं नाही. हे तुला लिहायची वेळ यावी!

आमचं मध्य भारत राज्य लवकरच मोडणार, दफ्तरं भोपाळला हलणार, अशी बोलणी चालली आहेत. साहेबांनी मला विचारलं, चलोगे? मी म्हटलं, मला ग्वाल्हेरातून हलवणारा अजून जन्माला यायचाय. माझी मुलं या घरात परत येतील तेव्हा दाराला कुलूप नको.

तू साक्षीला येशील ना?

तुझा
लक्ष्मीकांत

*

महाल, नागपूर
१३ जुलै १९५६

चि. कांतास,

आशीर्वाद घे, वाकायची तयारी असो नसो.

पत्र दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, "माधवराव माझ्या लग्नात पंगतीत तिसऱ्यांदा श्रीखंड मागणारा मुलगा, तो आता असल्या तारखा मागायला लागला होय!" तुला हसू यावं म्हणून लिहिलं. आलं नसेल तर राहू दे. आणि तुझं मराठी पुन्हा हिंदीत पाय घालायला लागलंय. "पता नव्हता" काय रे? वडील असते तर वहीवर पट्टी बसली असती.

इकडेही सगळं ढवळून निघालंय. नागपूर राजधानी राहणार नाही. आम्ही मध्य प्रदेशातून निघून मुंबईकडे जाणार, आणि तुम्ही म्हणे त्याच मध्य प्रदेशात येणार. मी ह्यांना म्हटलं, माझा भाऊ आत येतोय तेव्हाच तुम्ही मला बाहेर काढताय.

साक्षीचं म्हणशील तर सध्या माझे गुडघे प्रवासाला तयार नाहीत. पण मला एक सांग. रोजनिशीत तू सगळंच लिहितोस का? सगळं म्हणजे दफ्तराचंच, की घरातलंही? कोर्टात काय ठेवायचं ते आधी नीट वाचून घे. माधवराव लहानपणापासून शोधून भांडण काढणारा. तीन तारखा खोट्या पाडायला तीन पानं पुरतात, तीन वह्या कशाला द्यायच्या?

पद्माशी एकदा समोर बसून बोलता येईल का, तेही बघ. मुलांची आठवण येते. नाना आता स्पष्ट बोलतो का?

तुझी
इंदुताई

*

ग्वाल्हेर
१० ऑगस्ट १९५६

ती. ताईस,

तुझे गुडघे समजले. माझ्या बहिणीचे गुडघे नेमके कोर्टाच्या तारखेलाच दुखतात, हेही रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

काल कोर्टात पेशी झाली. मी तिन्ही वह्या दिल्या. तीन पानं दिली असती तर माधवराव म्हणाले असते, बाकीची कुठे लपवलीत? बांधलेल्या वहीतलं पान सुटं करायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. दफ्तरात तोच माझा धंदा आहे. शिवाय मला लपवायचं आहेच काय?

न्यायाधीशांनी वही उघडली, उलटी धरली, मग सुलटी केली. "यह कौन-सी ज़बान है?" मी म्हटलं, "हुज़ूर, ज़बान मराठी है, लिपि मोडी है." ते म्हणाले, ह्यातलं एक अक्षर मला लागत नाही. कोर्ट दोन्ही पक्षांपैकी कुणाच्याही तोंडचा अर्थ घेणार नाही. कुठल्या तरी सरकारी दफ्तरातून मोडी जाणणाऱ्या माणसाकडून हिंदी तर्जुमा करून मागवा. तसा हुकूम झाला. माधवरावांचा चेहरा उतरला. त्यांनाही मोडी येत नाही. वह्यांत काय आहे, याचा त्यांना काहीच अंदाज नाही.

व्हरांड्यात मुलं होती. नाना मला बघून धावत सुटला, "बाबा आये, बाबा आये" करत. बघ, चार महिन्यांत पोराचं मराठी गेलं. माधवरावांच्या मुनशीनं त्याला मधेच उचलला. चार पावलं, ताई. चार पावलांवरून माझं पोर परत नेलं आणि मी उभा राहिलो, कारण हालचाल केली असती तर तेही अर्जात गेलं असतं. मी शामलाला हाक मारली. ती जागची हलली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही, माझ्या हातांकडे पाहत राहिली. काय काय भरवलं असेल त्या पोरीला! बापाविरुद्ध लेकरू शिकवून तयार करणाऱ्यांना मी सोडणार नाही. पद्मा खाली मान घालून बसली होती. खोटं बोलणाऱ्याची मान वर कशी होईल?

लक्ष्मीकांत

*

नागपूर
१८ ऑगस्ट १९५६

चि. कांता,

हे पत्र वाचलंस की चुलीत घाल.

शामला तुझ्या हातांकडे का पाहत होती ते तुला कळलं नाही, की कळून मला असं लिहिलंस? गेल्या वर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे. पद्मानं मला तेव्हाच लिहिलं होतं. दफ्तरानं रद्दीत काढलेला वडिलांच्या हातच्या कागदांचा, रुमालात बांधलेला गठ्ठा तू घरी आणून न्हाणीघराबाहेर ठेवला होतास. गोवऱ्या ओल्या होत्या, सवाष्णी यायच्या होत्या, तिनं ते कागद बंबात घातले. तिला काय ठाऊक ते कुणाचे? तू तिला मारलंस. हातातल्या बांगड्या फुटल्या. उजव्या हातातल्या दोन डाव्या हातात घालून तिनं पाच सवाष्णींना पुरण वाढलं. आणि शामला तिथेच पंचा घेऊन उभी होती.

तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा मी गप्प बसले. माझा भाऊ "बोट लावलेलं नाही" म्हणतोय तर म्हणू दे, असं मनाशी म्हटलं. गुडघ्यांचं खरं कारण तेच. मला शपथेवर विचारलं असतं तर?

आणखी एक. पद्माच्या त्या पत्राला मी काय उत्तर दिलं ते ऐक. मी लिहिलं, "पुरुषाचा हात आहे, कधीतरी उठतो, संसारात असं धरून बसायचं नसतं." आज अकरा महिने झाले, माझं ते वाक्य मला रोज आठवतं. ते पत्र माधवरावांच्या हाती असेल तर माझीही शोभा होईल. होऊ दे म्हणा, माझी लायकीच ती.

पण मुलं जायला नकोत. तू त्या दिवशीचं रोजनिशीत लिहिलं आहेस का? लिहिलं असशीलच, तुला मी ओळखते. काहीही करून वह्या परत घे आणि ते एक पान काढून टाक.

इंदू

*

ग्वाल्हेर
५ सप्टेंबर १९५६

ताई,

तुझं पत्र चुलीत घातलेलं नाही. आपल्या घरात एकदा कागद जळले तेवढे पुरे.

पंधरा दिवस तुझ्यावर राग होता. तुला माहीत होतं आणि तू मला वर्षभर बोलली नाहीस! मग राग कुठे नेऊन ठेवावा ते कळेना. तुला मी खोटं लिहिलं होतं, ते कबूल. लिहिताना मला ते खोटं वाटलं नव्हतं, एवढंच सांगतो. अर्जात काठी होती, कोंडणं होतं, उकळतं पाणी होतं. त्यांच्यापुढे ते भाद्रपदातलं मला दिसेनासंच झालं. काठी नाही म्हणजे काहीच नाही, असा मी हिशेब केला.

आता काय झालं ते ऐक आणि हसायचं की रडायचं ते तूच ठरव.

दफ्तर अर्धं रिकामं झालंय. महिपतराव पेट्यांबरोबर भोपाळला गेले. दुसरे मोडीवाले चैत्रातच पेन्शनीत निघाले. परवा आमचे बडेबाबू दौलतसिंह माझ्या टेबलावर कापडात बांधलेलं एक पुडकं ठेवून म्हणाले, "कोर्ट से आया है. मोडी का तर्जुमा करना है, पंद्रह दिन में. अब आपके सिवा यहाँ पढ़ता कौन है?" मी गाठ सोडली. माझ्याच तीन वह्या!

कोर्टानं सरकारी दफ्तराला लिहिलं. दफ्तरानं रीतसर आवक नंबर घातला. साहेबांनी न बघता कोपऱ्यात "मोडीनवीस" लिहिलं. आणि या इमारतीत आता मोडीनवीस एकच उरला आहे. आरोपी मी, पुरावा माझा, त्याचा अर्थ सांगणाराही मीच. दौलतसिंहांना वाटतं मी आनंदानं गप्प झालो. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भगवान सबकी सुनता है, पंडितजी."

पान सापडलं. फाडावंही लागणार नाही. नुसतं उतरवायचं नाही, की झालं. खाली माझी सही, दफ्तराचा शिक्का. ग्वाल्हेरात ते ताडून बघणारा माणूस नाही.

वह्या समोर आहेत. अजून सुरुवात केलेली नाही.

लक्ष्मीकांत

*

नागपूर
१२ सप्टेंबर १९५६

चि. कांता,

देवानं आणून तुझ्या टेबलावर ठेवलं, आता विचार कसला करतोस? ते लोक तीन खोट्या गोष्टी शपथेवर सांगतात, तू एक खरी गोष्ट सांगायची राहिलास तर काय बिघडलं? एका पानासाठी दोन मुलं घालवू नकोस. नाना तुला विसरेल. चार वर्षांचं पोर, वर्षभरात विसरेल.

मी तुझी थोरली बहीण आहे, माझं ऐक. यंदा महालक्ष्म्यांपुढे मी एवढंच मागितलं.

इंदुताई

*

ग्वाल्हेर
१३ ऑक्टोबर १९५६

ती. ताईस,

उद्या दसरा. नाना घरी नाही, म्हणून यंदा आपट्याची पानं आणली नाहीत. दरवर्षी सगळी तोच वाटायचा आणि मग परत मागून घ्यायचा.

काल निकाल झाला. मुलं पद्माकडे राहतील. मला महिन्यातले दोन रविवार, माधवरावांच्या घरी, दोन-दोन तास. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील.

तर्जुमा मी पुरा केला. पहिल्याच ओळीपासून, एकही दिवस न गाळता. तुझं ऐकायचं असंही एकदा मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू? त्या पानाशी येऊन लेखणी ठेवली होती. पण ताई, त्या पानापर्यंत पोचायच्या आधीच माझी पंचाईत झाली होती.

तुला बांगड्यांचं माहीत आहे. दुसरं माहीत नाही, कारण ते पद्मानं तुला लिहिलं नसावं. माझ्या वहीत जागोजागी एक नोंद आहे: "अबोला. दिवस तिसरा." "अबोला. दिवस अकरावा." मी रागावलो की पद्माशी बोलत नसे. पाणी हवं असलं तर शामलाला सांगत असे, आईला म्हणावं पाणी दे. ती तिथेच समोर बसलेली असे. महालक्ष्म्यांनंतरचा अबोला त्रेसष्ट दिवसांचा आहे. तिन्ही वह्यांतले मिळून मी मोजले. दोनशे चार दिवस. मोडीत लिहिताना प्रत्येक वेळी वाटायचं, मी स्वतःला आवरलं, हात उचलला नाही, किती संयम! हिंदीत उतरवताना ते एखाद्या परक्या माणसाचं वाचावं तसं दिसायला लागलं. आणि तो माणूस मला आवडला नाही. त्याच्या घरी मी माझी बहीण दिली नसती.

भाद्रपदातली नोंद मी लिहिली आहे ती अशी: "महालक्ष्म्या. पद्मेस मारले, दोनदा. शामला पाहत होती. वडिलांच्या हातचे अक्षर गेले, ते परत येणार नाही." तशीच्या तशी उतरवली. खाली लिहिलं, असल मोडी लेखाबरहुकूम नक्कल. सही केली. मग साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, हा तर्जुमा माझा आहे आणि वहीही माझीच आहे, मधे कुणी दुसरा नाही, तसं कोर्टाला कळवा. साहेबांनी कपाळाला हात लावला.

कोर्टात मोठी गंमत झाली. न्यायाधीश भडकले. "आपने अपनी ही डायरी का तर्जुमा किया? इसे मैं कैसे मानूँ?" मी म्हटलं, "हुज़ूर, मत मानिए. पर पहले पढ़ लीजिए. झूठ लिखना होता तो मैं यह पन्ना क्यों लिखता?" त्यांनी पान माधवरावांकडे सरकवलं. ताई, तो चेहरा तू बघायला हवा होतास. वाचून ते उठले आणि म्हणाले, आमची या तर्जुम्याला काहीच हरकत नाही, पूर्ण मान्य आहे. न्यायाधीश म्हणाले, "पूरा?" ते म्हणाले, "पूरा." मग न्यायाधीशांनी २३ मेचं पान काढलं आणि भर कोर्टात वाचलं: "माधवरावांकडे जेवण. आमरस फार गोड. माधवरावांनी आग्रह करून चार वाट्या वाढल्या." मागच्या बाकावर लोक हसले. माधवराव खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. तिन्ही आरोप गेले. खोटे ठरले, असं निकालपत्रात लिहिलं आहे, ती नक्कल मी मागितली आहे आणि भिंतीला लावणार आहे.

मग न्यायाधीश म्हणाले, "तीन बातें झूठ निकलीं, एक सच निकली. वह सच आपने ख़ुद दी है." पद्माला वेगळं राहण्याची परवानगी दिली. पहिल्या नोव्हेंबरला नवं राज्य होतंय, त्यांचीही बदली आहे, म्हणून सगळं एकाच दिवशी उरकलं.

मी हरलो असं दफ्तरात सगळे म्हणतात. दौलतसिंह तर माझ्याशी बोलत नाहीत, म्हणतात, भगवान ने थाली परोसी और आपने उलट दी. म्हणू देत. माधवरावांनी रचलेलं मी कबूल केलं नाही आणि मी केलेलं लपवलं नाही. मुलांसाठी मी पुढच्या कोर्टात जाणार आहे, दहादा जाईन. पण खोट्या तर्जुम्यावर मिळालेली मुलं घरी आणून मी शामलाच्या समोर जेवायला कसा बसलो असतो?

रडू येतंय, ताई. ते रोजनिशीत लिहायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून तुला लिहिलं.

तुझा
लक्ष्मीकांत

*

इंदूर
२७ ऑक्टोबर १९५६

काय म्हणून पत्राची सुरुवात करावी सुचत नाही, म्हणून तशीच करते.

हे पत्र माधवदादांना न विचारता लिहिते आहे. त्या तीन तारखा मी सांगितल्या नव्हत्या. मी दादांना सांगितलं होतं की एकदा हात उचलला, आणि वर्षानुवर्षं माझ्याशी बोलणंच टाकलं. मी घरात असून नसल्यासारखी. मुलीच्या तोंडून मला हुकूम व्हायचे. दादा म्हणाले, अबोल्यावर कोर्ट काही देत नाही, आणि एकदा मारण्यालाही कुणी विचारत नाही. त्यांनी अर्ज लिहिला. मी वाचला आणि सही केली. खोट्यावर सही केली ही माझी चूक. कोर्टात माझी मान खाली होती ती म्हणूनच.

त्रेसष्ट दिवस मीही मोजले होते. मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत आहे, कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तुम्ही ते लिहून ठेवत होता, हे कळलं तेव्हा आधी फार संताप आला. मग तुम्ही ते स्वतःच्या हातानं कोर्टाला दिलंत, हे कळलं.

मी परत येणार नाही. तुम्ही पुढच्या कोर्टात गेलात तर मीही उभी राहीन, आणि या वेळी दादांनी लिहिलेलं नाही, मी सांगेन ते लिहिलं जाईल. पण रविवारी मुलांना तुमच्यापुढे कुणी अडवणार नाही, हे मी बघेन. मुनशी तिथे नसेल.

शामलाला मी सांगितलं की बाबांनी कोर्टात खरं सांगितलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "सच में?"

पद्मा

*

भोपाळ
२६ नोव्हेंबर १९५६

ती. ताईस,

वरचा पत्ता बघून हसली असशील. मला हलवणारा जन्माला आलाय, चार वर्षांपूर्वीच आला होता. ग्वाल्हेरहून इंदूर फार लांब पडतं, भोपाळहून रात्रीच्या आत जाऊन परत येता येतं. साहेबांकडे मी आपण होऊन अर्ज केला. दफ्तराच्या शेवटच्या पेट्यांबरोबर आलो. इथे मला मराठीत शिव्या द्यायला महिपतराव आहेत, ठीक चाललंय. जयेंद्रगंजातलं घर सोडलेलं नाही. किल्ली खिशात आहे.

काल मला मिळालेला पहिला रविवार होता. माधवराव बाहेर गेले होते, की पद्मानं पाठवले होते, कळायला मार्ग नाही. पद्मानं चहा आणून ठेवला. मी म्हटलं, "कशी आहेस?" तिनं मान वर करून पाहिलं. किती दिवसांनी मी तिला सरळ काही विचारलं होतं, ते आम्ही दोघंही मोजत असू. "बरी आहे," म्हणाली आणि आत गेली.

नाना मांडीवर येऊन बसला. विसरला नाही, ताई, तुझं भाकीत चुकलं. खिसे तपासले, किल्ली काढून घेतली. शामला समोरच्या खुर्चीवर, ताठ. अगदी माझ्यासारखी बसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली,

"बाबा, उस पन्ने पे माझं नाव आहे?"

मी म्हटलं, आहे.

"काय लिहिलंय?"

मी तिला शब्द न शब्द सांगितला. मारल्याचं, दोनदा, ती पाहत होती ते, आणि कागदांचं. माझ्या लेकीसमोर हे उच्चारणं कोर्टापेक्षा जड गेलं. ती ऐकत राहिली. वर्गात तोंडी परीक्षा घेतात तशी.

"आणि नानाचं?"

"नानाचं काय?"

"वो भी था ना. दरवाजे के पीछे. मीच त्याला तिथे ढकललं होतं, म्हणून तुम्हाला दिसला नाही. खूप वेळ बाहेर येत नव्हता."

नाना किल्ली तोंडात घालून माझ्याकडे बघत होता.

ताई, सतरा वर्षं मी नकलेखाली "असल बरहुकूम" लिहीत आलोय. कोर्टापुढे ताठ उभा राहिलो, एक ओळ लपवली नाही म्हणून. आणि असल, म्हणजे मूळच, अपुरं होतं. मी कागदांची नोंद केली आणि माझ्या पोराची राहून गेली. शामला उठून माझ्याजवळ आली. माझ्या हातांकडे पाहिलं, मग तिनंच नानाच्या तोंडातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "जूठी हो गई," म्हणाली. "धुऊन घ्या."

मुलं मी मागणार आहे. तारखा पडतील, हरेन, पुन्हा मागेन. माधवरावांना सांगून ठेव. पण आधी नोंद पुरी करायला हवी होती. ती वही कोर्टाच्या फायलीत अडकली आहे, म्हणून गाडीत बसल्या बसल्या नव्या वहीत कालच्याच तारखेखाली लिहिलं:

"गतवर्षी भाद्रपदातल्या नोंदीत एक नाव राहिले होते. नानाही होता. दाराआड."

तुझा
लक्ष्मीकांत